ए गटाचं पथ्य, बी गटाचं पोट

आपल्याकडे पूर्वी दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की गाव आणि आडनाव विचारायची. आता पथ्य विचारतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा अनुयायी दिवसातून दोनदाच, आणि तेही ५५ मिनिटांत उरकतो. ऋजुता दिवेकरांची वाचक दर दोन-तीन तासांनी डबा उघडते. हे दोघं नवरा-बायको असले तर त्या घरातला ओटा कधी पुसून होत नाही. शिवाय कोणीतरी उरुळी कांचनला पोटावर मातीची पट्टी ठेवून आलेला असतोच. तो निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी १९४६ साली सुरू केला, त्यामुळे तिथून परतलेल्या माणसाच्या बोलण्याला पुढे काही दिवस सत्याग्रहाची धार असते. आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे पथ्य म्हणजे ताप आला की मटण बंद, रस्सा चालू.

या सगळ्यांतून मी इतकी वर्षं सहीसलामत सुटलो होतो. रात्री छातीत जळजळ व्हायची, साखर काठावर आली होती, कंबरेचा पट्टा शेवटच्या भोकावर होता. पण हे सगळं वयाच्या खात्यावर टाकायची सोय असते. मग पुण्याहून साडू आले. साडू कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. एकदा तांब्याचा तांब्या आणला होता, एकदा वाळ्याच्या जुड्या. या वेळी प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला तक्ता होता. चार रकाने: ओ, ए, बी, एबी. प्रत्येकाखाली काय औषध, काय चालेल, काय विष.

“दादा, ब्लड ग्रुप काय तुमचा?”

मी पाकिटातून लायसन्स काढलं. त्यावर ए पॉझिटिव्ह होतं. साडूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. “तुम्ही आजवर दुसऱ्याच्याच रक्ताचं जेवण जेवत आलात.”

तक्त्यामागचं शास्त्र असं. पीटर डी'अडामो नावाच्या अमेरिकन निसर्गोपचारतज्ज्ञाने १९९६ साली ‘ईट राइट फॉर युवर टाइप’ हे पुस्तक काढलं आणि ते जगभर खपलं. त्यांच्या वडिलांनीही आधी याच धर्तीवर लिहिलं होतं, म्हणजे घराणं जुनं. म्हणणं असं की ओ हा सगळ्यांत प्राचीन गट, शिकाऱ्यांचा; त्यांनी मांस खावं आणि घाम गाळावा. शेती आल्यावर ए गट आला. त्यांनी भाजीपाला खावा आणि योगासनं करावीत. बी म्हणजे गुरं-मेंढरं घेऊन हिंडणारे. त्यांना दूधदुभतं मानवतं. एबी ही अलीकडची सरमिसळ, त्यांनी दोन्हीकडचं थोडं थोडं घ्यावं. गटाला न चालणारं खाल्लं, की अन्नातली लेक्टिन नावाची प्रथिनं रक्तपेशींना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. शिकारी, मेंढपाळ, लेक्टिन, गुठळ्या एवढं सगळं कोणी एका दमात सांगितलं, की माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला ते पटतंच.

शेतकऱ्याचा गट म्हटल्यावर आधी बरं वाटलं. पणजोबांचा ऊस कारखान्याला जायचा. मग रकाना वाचला. मटण नाही, दूध नाही. टोमॅटो, बटाटा, वांगं, केळं, आंबा नाही. नारळ नाही. आणि मिरची नाही, कुठल्याच रंगाची. म्हणजे तांबडा रस्सा मिरचीपायी गेला आणि पांढरा नारळापायी. कांदा-लसणाच्या चटणीची बरणी तर बघायचीही चोरी. उरलं काय, तर लाल भोपळा, शेंगदाणे आणि टोफू. चहा वर्ज्य, कॉफी उत्तम. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू.

आता बायको ओ गटाची. ती माळकरी घरातली. तिचे वडील आषाढीला दिंडीबरोबर चालत पंढरपूरला जायचे. आमच्याकडे मटणाची भांडी वेगळी, चूल मागच्या अंगणात आणि आचारी मी. तक्त्याप्रमाणे शिकारी ती निघाली. तिने दूध आणि गहू सोडायचा, मटणाला हात घालायचा, आणि मी गळ्यात तुळशीची माळ.

“म्हणजे मी अंगणात चुलीपुढं, आणि तुम्ही आत भोपळा?” तिने विचारलं. साडू हो म्हणाले. तिने तक्ता पाकिटासकट हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याखाली अंथरला. मी त्याचा फोटो आधीच काढून ठेवला होता.

सुरुवातीलाच एक प्रसंग घडला, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साडूंनी जाता जाता तक्त्याबाहेरचा एक उपाय सांगितला होता: उपाशीपोटी कच्च्या दुधीचा रस. भाजी करताना बायको दुधी चिरला की एक फोड जिभेला लावून बघते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि ती तिची सवय असेल असं समजत होतो. मी न चाखता मिक्सर फिरवला. पहिल्याच घोटाला जीभ आकसली, इतका तो कडू होता. औषध म्हटलं म्हणजे कडू असणारच, या विचाराने मी दुसरा घोट घ्यायला पेला उचलला, तेवढ्यात बायकोने तो हातातून काढून मोरीत ओतला. त्या एका घोटानेही मला तासाभरात दोनदा मोरीकडे धावावं लागलं. दुधी कडू लागतो तो कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे, आणि असा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने याची चौकशी करून कडू रस अजिबात पिऊ नका असं बजावलेलं आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे त्या दुधीला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तरी मी रकाना सोडला नाही. सगळ्यांत अवघड होता रविवार. २०१९ मध्ये मटणाचा भाव वाढला म्हणून कृती समिती स्थापून रस्त्यावर उतरलेलं हे गाव. इथे रविवारी सकाळी रिकाम्या हाताने गल्लीतून जाणं म्हणजे लोकांच्या चौकशीला तोंड देणं. दुकानदाराने हाक मारलीच. “सायेब, तब्येत बरी न्हाई काय? का दुसऱ्या दुकानात जायला लागलाय?” मी म्हटलं, रक्तगटाला चालत नाही. त्याने सुरी थांबवली. “बकऱ्याच्या का तुमच्या?”

जेवताना माझ्या ताटात भोपळ्याची भाजी, मुगाचं वरण, भात आणि मूठभर शेंगदाणे. मिरचीऐवजी आलं. आई शेजारी बसून माझ्याकडे अशी बघायची की जणू मला दवाखान्यातून नुकतंच घरी सोडलंय.

पण खरी पंचाईत पुढे झाली. मला बरं वाटायला लागलं. रात्रीची जळजळ थांबली. कंबरेचा पट्टा दोन भोकं आत सरकला. पुढच्या तपासणीत साखर काठावरून चांगली आत आली. माणूस एकदा बरा झाला की तो गप्प बसत नाही. मी ऑफिसात लोकांची लायसन्सं मागवून बघायला लागलो. एका सहकाऱ्याला, ओ गट म्हणून, उसाचा रस सोडून सुक्या मटणाकडे वळवलं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून लेक्टिन समजावून सांगितलं. साडूंना मी रोज फोन करायचो. ते मध्येच उचलेनासे झाले.

बुरूज ढासळला तो घरातूनच. मुलगी बारावी सायन्सला. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती आनुवंशिकतेचे चौकोन भरत बसली होती. आई ओ, पप्पा ए, आणि कॉलेजच्या आरोग्य तपासणीत ती स्वतः बी.

“पप्पा, हे जमत नाही.”

“काय जमत नाही?”

“आईकडून बी येऊच शकत नाही, ती ओ आहे. म्हणजे तो वडलांकडून यायला पाहिजे. आणि तुमच्यात बी नाहीये.”

बायकोचं लाटणं पोळीवर थांबलं. मुलीच्या लक्षात यायच्या आत मला आपण कुठे येऊन पोहोचलो आहोत ते कळलं. मी लगेच म्हणालो, विज्ञानात अपवाद असतात. बायको म्हणाली, “कसले?” आवाज अगदी खालचा होता. त्या दिवशी मला आईने वाचवलं. जप थांबवून ती म्हणाली, “रगात काय बघत बसलाय? नाक बघा की पोरीचं.” नाक माझंच आहे. बिचारीची त्याबद्दल माझ्याकडे तक्रारच आहे. पण पुरावा म्हणून त्या संध्याकाळी ते उपयोगी पडलं.

योगायोगाने गणपतीचे दिवस होते आणि आमच्या तालमीत रक्तदान शिबिर होतं. तिथल्या मुलीने बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतले. एकात निळा द्राव सोडला, एकात पिवळा, एकात बिनरंगी. काडीने ढवळलं. निळ्या थेंबात काहीच झालं नाही. रक्त आपलं गुळगुळीत. पिवळ्यात मात्र बघता बघता नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या धरल्या. निळा म्हणजे ए ओळखणारा, पिवळा म्हणजे बी. “बी पॉझिटिव्ह,” ती म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली. डी'अडामोंच्या पुस्तकातल्या गुठळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या, त्याही वांगं न खाता.

मग लायसन्सवर ए कुठून आला? तेव्हाच्या एजंटाने फॉर्म भरताना विचारलं होतं, गट काय टाकू? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, रकाना मोकळा सोडून चालत नाही. ए आधी येतो म्हणून त्याने ए टाकला असावा.

म्हणजे मी मेंढपाळ. मोठ्या उत्साहाने तक्ता डाळीच्या डब्याखालून ओढला. बी गटाला मटण चालतं! दूध चालतं! त्याच संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो, म्हशीची समोर काढलेली धार पेल्यात घेतली आणि फेसासकट प्यालो. रविवारी दुकानदाराने न विचारता जास्तीची नळी टाकली. आनंद सोमवारी सकाळपर्यंत टिकला, कारण सोमवारी मी रकान्याची दुसरी बाजू वाचली. बी गटाला शेंगदाणे विष. तीळ विष. गहू, मसूर, मका, टोमॅटो, नारळ, कोंबडी, सगळं वर्ज्य. म्हणजे पोह्यांत दाणे नाहीत, कोशिंबिरीत कूट नाही, खिचडी बिनकुटाची, संक्रांतीला नुसतंच गोड बोलायचं. इतके दिवस ज्या मूठभर शेंगदाण्यांवर मी जगलो, तेच माझ्या रक्ताचे वैरी निघाले. आणि त्यांनीच मला बरं केलं होतं!

इथे मी जरा शांतपणे वाचायला बसलो; आधी वाचलं असतं तर इतके रविवार वाचले असते. २०१३ साली संशोधकांनी या विषयावरचा उपलब्ध अभ्यास चाळून बघितला. रक्तगटानुसार आहाराने फायदा होतो याला काही आधार सापडला नाही. २०१४ साली टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १,४५५ जणांचा आहार आणि रक्त तपासलं. ज्यांचं खाणं ए रकान्याशी जुळत होतं त्यांची कंबर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल बरं होतं. मात्र त्यांचा स्वतःचा गट कोणता, याने काहीही फरक पडत नव्हता. भाजीपाला वाढला, तेल-तिखट कमी झालं, की ओ असो वा बी, माणूस सुधारतो. मी त्या अभ्यासाचा कोल्हापुरातला बिनपगारी नमुना होतो.

लेक्टिन खोटं नाही. कच्च्या राजम्यात ते भरपूर असतं आणि पोट बिघडवतं. पण नीट खळखळून शिजवलं की निकामी होतं. आपल्या बायकांनी ते नाव न ऐकताच कुकरच्या शिट्ट्या ठरवून ठेवल्या आहेत. बाकी शिकारी-मेंढपाळांची वंशावळ टिकत नाही. ए आणि बी हे प्रकार माणूस शेतीला लागण्याच्या लाखो वर्षं आधीपासून आहेत; चिंपांझींत ए आणि ओ सापडतात, गोरिलांत बी. म्हणजे माझा गटबंधू गोरिला. तो दिवसभर पाला खातो, मेंढ्या राखत नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात हे गट वेगळे केले आणि १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं, की एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं की कधी गुठळ्या होतात आणि कधी होत नाहीत.

आणि आपल्याच मुंबईचं काय? १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तिथे एक नवाच गट शोधला. त्याचं नाव बॉम्बे. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. तक्त्यात त्याला रकाना नाही. साडूंना विचारलं, यांनी काय खायचं? ते म्हणाले, वडापाव.

सध्या मी भोपळा, मूग आणि शेंगदाणे आठवडाभर खातो, आणि रविवारी मागच्या अंगणात चूल पेटवतो. पट्टा त्याच भोकावर आहे. लायसन्सवरचा गट मात्र मी बदलून घेतला. तुम्हीही आपलं लायसन्स काढून बघा, त्यावरचा गट कोणी आणि कशावरून लिहिला ते आठवा, आणि आठवत नसेल तर जवळच्या रक्तदान शिबिरात जा. वय १८ ते ६५ च्या आत, वजन ४५ किलोंच्या वर आणि हिमोग्लोबिन पुरेसं असलं की रक्त घेतात. गट तपासून कार्डावर लिहून देतात, पैसे पडत नाहीत. नंतर बिस्किटं आणि कॉफी मिळते. ती सगळ्या गटांना चालते.