सायकल तळ्यात की मळ्यात?

हल्ली आमच्या मध्यमवर्गात सायकल घेऊन परदेशी जाणाऱ्यांची एक जमात वाढली आहे. सायकलचे सगळे भाग सुटे करून, खोक्यात भरून, विमानात घालून ही मंडळी डोंगर, तळी आणि पाणथळ जागा असलेल्या कुठल्याशा मुलुखात जातात. परत आल्यावर फोटो दाखवतात. फोटोत डोंगर, तळं, बगळा आणि हेल्मेट.

हेल्मेट सोडलं तर यातलं सगळं इथेच, मुंबईत बोरिवली ते मुलुंडच्या मधे आणि आजूबाजूला आहे. शंभरेक चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या पोटात तुळशी आणि विहार, पायथ्याशी पवई. पूर्वेला ठाणे खाडीची खारफुटी आणि रोहित पक्षी, ज्यांच्या अभयारण्याला २०२२ साली रामसर दर्जाही मिळाला. उद्यानाला आणि तलावांना वळसा घालणारा रस्ताही आहे. बोरिवलीहून निघायचं, घोडबंदर, ठाणे, मुलुंड, भांडुप, पवई, जोगेश्वरी करत परत बोरिवली. साठेक किलोमीटर होतात. दुसऱ्या कुठल्या देशात असा वळसा असता तर त्यांनी त्यावर पोस्टाचं तिकीट काढलं असतं. आपण त्यावर कंटेनर काढले.

घोडबंदर रस्त्याबद्दल जास्त सांगत नाही. गायमुखच्या चढावर सायकलस्वाराला दम लागत नाही, कारण पुढचा ट्रक हलतच नाही. खड्डा दिसला की तो नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत खड्डाही वयात येतो.

ठाणं ओलांडून मुलुंडला आलात की सायकलस्वाराचे खरे लाड सुरू होतात. इथून तानसा धरणाच्या पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनी शहरात शिरतात. त्यांच्या कडेच्या झोपड्या पाइपलाइनींच्या सुरक्षेसाठी हटवा, असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला. जागा मोकळी झाली. मोकळी जागा हा आपल्याकडे प्रशासकीय आजार आहे, त्यावर लगेच उपचार करावा लागतो. महापालिकेने उपचार काढला सायकल ट्रॅकचा. मुलुंडपासून थेट सायन-धारावीपर्यंत, ३९ किलोमीटर. नाव ठेवलं 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स'. हे नाव म्हणून होईपर्यंत भांडुप येतं. ट्रॅक मात्र भांडुपपर्यंत सलग येतोच असं नाही. मुलुंडहून निघून सायनला सायकलनेच उतरलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

पाइपलाइनींच्या कडेने हटवलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांना माहुलला घरं दिली, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं हरित लवादाने २०१५ सालीच म्हणून ठेवलं होतं. तेव्हा हिशेब असा झाला की एकाने छाती भरून श्वास घ्यावा म्हणून जी जागा सुशोभित करायची, तिथल्या दुसऱ्याने श्वास घ्यायला माहुलला जायचं. फलकावर हे लिहिलेलं नाही. फलकावर सायकल चालवणाऱ्या मुलीचं चित्र आहे.

आता पवई. इथे थोडं थांबू, कारण इथे सायकल खरोखर तळ्यात गेली.

आधी तिन्ही तलावांचं घरगुती राजकारण समजून घ्या. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. विहार-तुळशीचं पाणी आपण पितो, म्हणून तिथे आपल्याला सोडत नाहीत. पवईचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही, म्हणून तिथे सगळ्यांना सोडतात. तरी दर पावसाळ्यात 'पवई तलाव भरून वाहू लागला' ही बातमी आपण अशा आनंदाने वाचतो की जणू आता नळाला दिवसभर पाणी येणार. ते पाणी मिठी नदीत जातं. पुढे ते कुठे जातं ते लक्षात ठेवा, लागणार आहे.

तर या तलावाभोवती सायकल ट्रॅक आणि जॉगिंग ट्रॅक करायचं ठरलं. सुमारे दहा किलोमीटरचा फेरा. अडचण एकच होती, काठावर जागा नव्हती. काठावर रस्ते, हॉटेलं, इमारती आणि आयआयटी हे सगळे आधीच येऊन बसले होते. उरला तलाव. तलावाचं सौंदर्य पाहण्यासाठी तलावातच भराव घालायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. असाच ट्रॅक आतल्या आत आणखी चार वेळा केला असता तर शेवटी मधोमध एक छान मैदान मिळालं असतं आणि पार्किंगचाही प्रश्न सुटला असता.

भराव म्हणू नका, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. ही गॅबियन पद्धत आहे. म्हणजे लोखंडी जाळीत दगड भरायचे आणि त्या जाळ्या एकावर एक रचायच्या. सिमेंट नाही, पाणी आरपार जातं, पर्यावरणाला बाधा नाही. मगरींना मात्र हे कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. पवईत मगरी आहेत, त्या काठावर उन्हाला येतात आणि तिथेच मातीत अंडी घालतात. जाळीतल्या दगडावर अंडी घालायचं तंत्रज्ञान त्यांच्यात अजून विकसित झालेलं नाही. त्या काळी राज्याचे पर्यावरणमंत्री हेच मुंबई उपनगरचे पालकमंत्रीही होते, त्यामुळे पर्यावरणाची परवानगी मागायला फार लांब जायचं काम नव्हतं.

पण समोर आयआयटी आहे हे गणितात धरायचं राहून गेलं. तिथल्या विद्यार्थ्यांना भराव आणि ट्रॅक यातला फरक कळतो, कारण फी त्यासाठीच घेतात. ते उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी निकाल लागला. हे काम २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांविरुद्ध आहे, बेकायदा आहे, ते थांबवा, केलेलं बांधकाम काढा आणि जागा होती तशी करून द्या. जन्मभर दुसऱ्यांच्या गॅलऱ्या आणि पत्र्याच्या शेडना नोटिसा चिकटवणाऱ्या महापालिकेला स्वतःचंच अनधिकृत बांधकाम पाडण्याचा हुकूम मिळाला. वॉर्ड ऑफिसातल्या एखाद्या जुन्या कारकुनाला त्या दिवशी प्रश्न पडला असेल, की आता पंचनामा कोणी कोणाचा करायचा.

पवईतून निघालेलं पाणी आठवतंय ना? मिठीतून वाहत ते वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने माहीमच्या खाडीला जातं. आणि योगायोग पाहा, मुंबईचा दुसरा गाजलेला सायकल ट्रॅक याच मिठीच्या काठी त्या संकुलात होता. २०११ च्या सुमारास बांधला. सायकली काही आल्या नाहीत. मोटारसायकली आल्या, त्या तिथे उभ्या राहिल्या, त्यांच्या सावलीत वडापाववाला उभा राहिला. शेवटी गाड्यांना रस्ता कमी पडतो म्हणून ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. नदीच्या उगमाकडे सायकलसाठी तलाव बुजवायचा आणि मुखाकडे मोटारीसाठी सायकल ट्रॅक उखडायचा, एवढं नदीखोऱ्याचं सर्वंकष नियोजन जगात दुसरीकडे झालं नसेल.

बरं, या उपनगरात सायकल कोणी चालवतच नाही असंही नाही. सकाळी साडेसहाला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर या. इडलीवाला दिसेल. कॅरिअरवर झाकणाचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, ट्यूबच्या रबरी पट्टीने करकचून बांधलेलं. हँडलच्या एका बाजूला चटणीचा डबा, दुसऱ्या बाजूला सांबाराची किटली, आणि मधे तो रबरी भोंगा. गिअर नाही, मागचा ब्रेक नावापुरता. बेस्टची बस आणि दुभाजक यांच्या मधल्या दीड फुटातून तो सांबार न सांडता पवईचा चढ चढतो. त्याच्यामागे पाववाला. त्याच्यामागे रात्रपाळी संपवून विक्रोळीकडे घरी निघालेला वॉचमन, हँडलला रिकामा डबा लटकवलेला. यातल्या कोणाला तळं बघायचं नाही. त्यांना चांदिवलीला, साकीनाक्याला, स्टेशनला पोचायचंय, आणि त्या रस्त्यांवर ट्रॅक काढायची कल्पना अजून फारशी कोणाला सुचलेली दिसत नाही, बहुधा तिथून काही दिसत नाही म्हणून. सागरी सेतूवर सायकलला बंदी, अटल सेतूवर बंदी. फक्त जिथे जायचं काही कारण नाही, तिथे सायकलचं स्वागत आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र या विषयात फार पुढे आहेत. त्यांच्या सायकलची किंमत माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा जास्त आहे आणि वजन माझ्या छत्रीपेक्षा थोडंसंच. रविवारी पहाटे ते काळ्या घट्ट चड्डीत राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीचा चढ मारून येतात आणि ग्रुपवर त्याचा आलेख टाकतात. मी एकदा म्हटलं, "अहो, शनिवारी बाजारातही सायकलने जात जा की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांच्या शालूचं पायपुसणं करायला सांगितलं. "काका, बाजारात ती लावणार कुठे?" ते म्हणाले. प्रश्न खरा होता. आमच्या लिफ्टमध्येही 'सायकल नेण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आहे. त्यांच्याच सहीची.

गेल्या सर्वसाधारण सभेत त्यांनीच ठराव मांडला, की सभासदांच्या आरोग्यासाठी इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीभोवती, एक सुंदर सायकल ट्रॅक करावा. रंग हिरवा. कडेला दिवे आणि बाक. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा खजिनदारांनी तोही चुटकीसरशी सोडवला. ठराव एकमताने मंजूर झाला आहे आणि येत्या एक तारखेपासून सायकल स्टँड काढून टाकण्याचं काम सुरू होतंय. सभासदांनी आपापल्या सायकली तत्पूर्वी भंगारवाल्याकडे द्याव्यात, अशी नोटीस लागली आहे.