हकीम नंजुंडाचा भक्त कुठल्या रकान्यात?

निवडणूक आली की सर्व्हेवाले दारात हजर. शिक्षण किती, धर्म कोणता, एवढं कळलं की पुढचं ते मनानेच भरतात. कमी शिकलेला पैसे घेऊन मत देणार, मुसलमान गठ्ठ्याने देणार, लिंगायत मठ सांगेल तिकडे देणार. पदवीधर तेवढा विचारपूर्वक मत देतो. म्हणजे जोडसुट्टी साधून उटीला पळाला नसेल तर. म्हैसूरहून उटीची वाट कर्नाटकातल्या नंजनगूडवरूनच जाते.

तिथे या सर्व्हेवाल्यांनी जरा उतरावं. तिथल्या देवळातल्या श्रीकंठेश्वराच्या कृपेने आपल्या हत्तीचे डोळे बरे झाले म्हणून टिपू सुलतानाने देवाला पाचूचं लिंग वाहिलं आणि त्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं, अशी कथा सांगतात. हा भाविक कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा?

बरं, 2013 साली विधानसभेला इथे काँग्रेसचे श्रीनिवास प्रसाद जिंकले, धर्मनिरपेक्ष जनता दलाचे केशवमूर्ती हरले. 2017 च्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच दोघे समोरासमोर, फक्त प्रसाद आता भाजपचे आणि केशवमूर्ती काँग्रेसचे. केशवमूर्ती 21 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पुढे 2018 ला भाजप, 2023 ला परत काँग्रेस. एवढ्या काळात मतदाराने ना धर्म बदलला ना शाळेचा दाखला. पक्ष बदलले उमेदवारांनी, आणि चौकशी मात्र मतदाराच्या निष्ठेची! उमेदवारासाठी फॉर्मवर रकानाच नाही. जागा पुरत नसावी.