दोन तोंडांचं पेन

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सचिव होण्यासाठी दोनच गोष्टी लागतात. माणूस निवृत्त असावा आणि निवडणुकीच्या सभेला तो गैरहजर असावा. मी त्या दिवशी नातीला घेऊन बागेत गेलो होतो. परत आलो तो सचिव होऊन.

सचिवाला किती लिहावं लागतं, हे आधी कुणी सांगत नाही. मेंटेनन्सच्या पावत्या, वॉचमनच्या रजा, टाकीच्या सफाईच्या नोटिसा, तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर होणारी गळती, आणि त्या गळतीवरून दोन्ही मजल्यांनी एकमेकांबद्दल लिहिलेली पण पाठवलेली मात्र मला, अशी पत्रं. या सगळ्याचं इतिवृत्त मी वहीत लिहायचो आणि पुढच्या सभेत ते मलाच वाचता यायचं नाही. गेल्या दिवाळीत जावयांनी हा प्रकार पाहिला आणि भाऊबीज उरकायच्या आत टॅब्लेट आणून दिला. “बाबा, आता सगळं यावरच लिहा,” ते म्हणाले.

सगळं कसं लिहिणार? पावतीपुस्तक कागदाचं, त्यात कार्बन घालायचा. हजेरीपटावर सही शाईची. म्हणजे उजव्या हातात पेन, आणि काचेवर लिहायची वेळ आली की ते पेन दातांत धरून बोटाने लिहायचं. बोटाने एक अक्षर जेमतेम गिरवून होतं तोवर कुणीतरी पावती मागतं, की पेन दातांतून हातात, त्यात सभेला चिवडा असतोच, त्यामुळे बोटाचं तेल काचेवर, काचेवरचं तेल रुमालावर, रुमाल चष्म्यावर, आणि मग मला काच, कागद आणि सभासद हे तिन्ही सारखेच धुरकट दिसायला लागतात. अध्यक्ष म्हणाले, सचिव भावुक झालेत.

तेव्हा डोक्यात आलं की एकच पेन असावं. एका तोंडाने कागदावर लिहील, दुसऱ्या तोंडाने काचेवर. आयुष्यात मी सोफा-कम-बेड घेतलेला माणूस आहे आणि त्यावर धड बसताही येत नाही, धड झोपताही येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही घेतलंच.

जावयांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाबा, तुम्हाला ॲक्टिव्ह पेन हवंय की पॅसिव्ह?” मी म्हटलं, माझ्या वयाला शोभेल ते. त्यावर त्यांनी बराच वेळ समजावलं. त्यातलं मला उमगलं ते एवढंच, की या पेनांतही जाती आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार नाही. ॲपलची पेन्सिल आयपॅडशीच बोलते. सॅमसंगच्या टॅब्लेटला चालणारं एस पेन वॅकॉमच्या तंत्राचं. लिहायला त्याला बॅटरी लागत नाही, पडद्याखालच्या पाटीतून येणाऱ्या चुंबकीय लहरींवर ते चालतं, पण तशी पाटी नसलेल्या पडद्यावर ते नुसतं काठीसारखं. माझा टॅब्लेट या सगळ्या घराण्यांच्या बाहेरचा, साधा, दिवाळीच्या सवलतीतला. त्याला परवडणारी सोयरीक एकच होती, रबरी बोंडाची.

काचेवरच्या पेनाची, म्हणजे स्टायलसची, टर तर स्टीव्ह जॉब्जनेच उडवली होती. जानेवारी २००७ मध्ये आयफोन दाखवताना त्याने भर मंचावरून सांगितलं की स्टायलस कुणाला हवाय, आपल्याला जन्मतःच दहा मिळालेत. पुढे २०१५ मध्ये, त्याच्या पश्चात, त्याच्याच कंपनीने पेन्सिल विकायला काढली. मला हे वाचून फार धीर आला. हिला आला नाही. “त्यांनी विकायला काढली, तुम्ही विकत घ्यायला निघालाय,” ती म्हणाली.

ऑगस्टातल्या एका धो धो पावसाच्या दिवशी टॅब्लेट दुधाच्या पिशवीत गुंडाळून मी मशीद बंदरला उतरलो. पेन घ्यायचं तर अब्दुल रेहमान स्ट्रीट, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. तिथे वह्या, फायली, लग्नपत्रिका, डझनाच्या भावातली पेनं यांच्यातून वाट काढत मी एका दुकानदाराला माझी गरज सांगितली. त्याने अर्धी ऐकली. “काका, ते मोबाइलवालं आयटम, लॅमिंग्टन रोडला जा.” तर पुन्हा छत्री, पुन्हा चिखल, आणि वाटेत ‘लॅमिंग्टन रोड कुठे’ म्हणून ज्यांना विचारलं त्यांनी तो दाखवला, ‘डॉक्टर भडकमकर मार्ग’ असं सचिवाच्या भाषेत विचारलं तेव्हा कुणीच दाखवला नव्हता. तिथे सर्किटं, वायरी, सोल्डरिंगचा वास, आणि माझ्या नातवाच्या वयाचा एक मुलगा. तो म्हणाला, “अंकल, पेन है ना? पेन तो स्टेशनरीवाला रखेगा. अब्दुल रेहमान स्ट्रीट जाओ.”

दोन्ही बाजारांच्या दृष्टीने माझं पेन दुसऱ्याचं होतं. अखेर ते मला ग्रँट रोड स्टेशनच्या जिन्याखाली, कंगवे आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे मिळालं. चंदेरी, गुटगुटीत, पिळलं की पुढून बॉलपेन बाहेर येणारं आणि मागे काळं रबरी बोंड. त्याने माझ्याच टॅब्लेटवर झरझर रेघा ओढून दाखवल्या. मी घासाघीस केली, तो लगेच तयार झाला. तिथेच समजायला हवं होतं.

घरी आल्यावर ते पेन काचेला दिसेना. मी लिहितोय, काच ढिम्म. दाबून लिहिलं, गिरवून लिहिलं, चुचकारून लिहिलं. शेवटी जावयांना व्हिडिओ कॉल केला आणि विज्ञानाचा तास झाला. या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, वीज वाहणारी जाळी असते. आपलं बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून यंत्राला कळतं की कुणीतरी आलं. जोर लावण्याचा इथे संबंधच नाही. जुन्या पाम पायलटच्या काळी पडदा टोचला तरी चालायचं. आताच्या काचेला वीज वाहून नेणारा देह लागतो. रबरी बोंड त्या कामाचं असतं, पण पेनाच्या धातूच्या दांड्यातून ते आपल्या हाताशी जोडलेलं असावं लागतं. माझ्या पेनाचा चंदेरी दांडा चंदेरी रंग दिलेल्या प्लॅस्टिकचा होता. विकणाऱ्याने ते अगदी बोंडाजवळच्या पत्र्याच्या कडीला धरलं होतं. मी, आमच्या गुरुजींनी छडी मारून शिकवल्याप्रमाणे, तीन बोटं मागे धरत होतो. त्यामुळे त्या काचेच्या दृष्टीने मी खोलीतच नव्हतो.

घरात मला याची सवय आहे.

तरी बोटं कडीपर्यंत पुढे सरकवून मी ते पेन काही दिवस वापरलं. आता बोंड हे केवढं? पडद्याला बोटाएवढा ठसा लागतो, बारीक टोक तो हिशेबातच धरत नाही, म्हणून बोंड चांगलं पाच-सहा मिलिमीटर जाडीचं ठेवतात. आपण ‘ठ’ काढतोय की ‘ढ’ हे लिहिताना बोंडाखाली दिसत नाही. उचललं की कळतं, दोन्ही नाही. त्यातून घरातल्या आणि जिन्यातल्या प्रत्येकाने मला एकच ताकीद दिलेली, काचेवर चुकून बॉलपेनचं तोंड टेकवू नका. शाईची भीती नाही, ती पुसता येते. पण बॉलपेनातली ती टिकलीएवढी गोळी बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते आणि ती काचेहून कितीतरी कठीण. मी इतका सावध झालो की लिहिण्याआधी दर वेळी पेन उलटं करून बोंड पुढे असल्याची खात्री करायला लागलो. काचेवर लिहिताना. आणि कागदावरही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मी तीन महिन्यांच्या मेंटेनन्सची पावती सहीनिशी, तारखेनिशी, चांगला जोर देऊन लिहून फाडून दिली. वरची पावती कोरी करकरीत. खालच्या कार्बन प्रतीवर एक निळसर ढग. काकूंनी ती पावती उजेडात धरली, उलटी करून पाहिली, मग माझ्याकडे पाहून फार हळुवार आवाजात विचारलं, “झोप लागते ना हो नीट?”

त्याच रात्री मी गाजरापर्यंत पोचलो. झालं असं की, दक्षिण कोरियात २०१० च्या कडाक्याच्या थंडीत लोक हातमोजे न काढता फोन चालवायला छोटे सॉसेज वापरतात, अशी बातमी तेव्हा जगभर छापून आली होती. जावयांनी ती मला गंमत म्हणून सांगितली. सॉसेज आमच्याकडे येणं शक्य नाही. पण तत्त्व तेच असेल तर पाणीदार भाजीलाही काच ओळखायला हवी, असा विचार करून मी सगळे झोपल्यावर फ्रिज उघडला. काकडीने चांगलं लिहिलं. गाजराने उत्तम लिहिलं. सोलाण्याने त्याला टोक काढून मी ‘दि. ३० सप्टेंबरच्या आत’ एवढं सुवाच्य लिहिलं, जे त्या पेनाने मला कधी जमलं नव्हतं, आणि मान वर केली तर दारात ही उभी.

“अहो,” ती म्हणाली, “ते कोशिंबिरीचं आहे.”

दुसरं पेन मात्र मी पारखून घेतलं. अस्सल धातूचं, हाताला गार लागणारं, टोपणाचं. बोंड टोपणाच्या शेंड्यावर आणि आत बॉलऐवजी जेलची रिफिल. टोपण लावलं की काचेचं पेन, काढून मागे खोचलं की कागदाचं. बिरो नावाच्या हंगेरियन पत्रकाराने छापखान्याची शाई झटकन वाळते हे पाहून बॉलपेनचा ध्यास घेतला आणि १९३८ मध्ये पेटंट मिळवलं. आता त्याच्या कुळातल्या पेनाच्या डोक्यावर हे बोंड चढलेलं पाहून मला उगीचच इतिहासाचा वारसा वगैरे वाटायला लागलं. मराठी हस्ताक्षर ओळखून त्याची छापील अक्षरं करणारी सोयही जावयांनी टॅब्लेटवर घालून दिली. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याने गळतीची पाहणी करून खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यावा’. टॅब्लेटने त्यातल्या गळतीचा गणपती केला आणि मी ते न वाचताच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाडलं. एकमेकांचं तोंड न पाहणारी ती दोन कुटुंबं संध्याकाळी पहिल्यांदा एकत्र माझ्या दारात आली. मंडप कुठे घालणार आणि निम्मा खर्च म्हणजे किती, हे विचारायला.

आणि मग ती सभा. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून आम्ही ती शेवटच्या रविवारी गच्चीवर, ताडपत्रीखाली घेतली. मी टॅब्लेट मांडीवर घेऊन बसलो. या साध्या पडद्याला बोंड कुठलं आणि तळहात कुठला हे उमजत नाही. हात टेकला की दोन जागी स्पर्श झाला असं समजून ते पान मोठं होतं, छोटं होतं, किंवा सरळ गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर जातं. तेव्हा मनगट हवेत तोलून, कोपर बरगडीला टेकवून मी ‘अहवाल वाचून कायम करण्यात आला’ इथपर्यंत आलो, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, “सचिव, पेन आहे का हो? हजेरीवर सही करायचीय.”

नोकरीत उभा जन्म काउंटरच्या अलीकडे काढल्यामुळे माझ्या हाताला एक सवय आहे. कुणी पेन मागितलं की पेन द्यायचं आणि टोपण आपल्याकडे ठेवायचं. टोपणाविना पेन घेऊन माणूस जात नाही, परत येतोच. हात आपोआप चालला, पेन गेलं, टोपण राहिलं. हजेरीपट फिरला, पहिल्या रांगेतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, तिथून जिन्यात फोनवर बोलणाऱ्यांकडे. परत आला तो नुसता हजेरीपट. इकडे पार्किंगचा विषय निघालेला, सगळे एकदम बोलतायत, लिहिणं तर थांबवता येत नाही, म्हणून मी ते दीड इंचाचं टोपण चिमटीत धरून इतिवृत्त पुढे चालू ठेवलं. बोंड त्यालाच होतं, धातू त्यालाच होता, काच मला उत्तम ओळखत होती. आमच्या खजिनदारांनी वाकून पाहिलं आणि अध्यक्षांच्या कानात विचारलं, सचिव काय चोळतायत?

आयत्या वेळच्या विषयांत दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उभे राहिले. सोसायटीच्या सभेत सह्यांसाठी साधं पेनही मिळू नये ही शरमेची बाब आहे, आपल्याला ते कुणाकडून तरी मागून घ्यावं लागलं, सबब संस्थेच्या खर्चाने दहा-दहा रुपयांची दोन बॉलपेनं घेऊन ती दोऱ्याने टेबलाला बांधावीत, असा ठराव त्यांनी मांडला. बोलताना त्यांनी छातीवर हात ठेवला होता आणि त्या हाताखाली, पांढऱ्या शुभ्र सदऱ्याच्या खिशात, तोंड खाली करून माझं उघडं पेन होतं. खिशाच्या तळाशी जेलचा निळा डाग एव्हाना रुपयाएवढा झाला होता. अनुमोदन तिसऱ्या मजल्याने दिलं. मी सूचक, अनुमोदक आणि ‘एकमताने मंजूर’ हे सगळं टोपणाने लिहून घेतलं.

डागाची नोंद इतिवृत्तात केली नाही. तो विषय पत्रिकेवर नव्हता.