स्कॅनरवाले नाना

नाना घरी येणार म्हटलं की बायका जुने अल्बम कपाटात घालून किल्ली कमरेला लावतात. नानांनी नेलेला फोटो परत येतच नाही असं नाही. येतो, पण तोवर त्यातल्या नवरीला नातवंडं झालेली असतात.

नोकरी संपल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नानांनी फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. "पंखा बंद!" अशी आरोळी आली की ओळखायचं, झाकण उघडलं. भर मे महिन्यातसुद्धा. काचेवरचा धुळीचा एक कण बाराशे डीपीआयला धोंड्याएवढा दिसतो म्हणे.

माणूस जाणकार आहे, यात वाद नाही. सत्तरच्या दशकातल्या खडबडीत कागदावरच्या फोटोला स्कॅन केल्यावर जाळी दिसते, कारण दिव्याचा उजेड तिरपा पडून प्रत्येक उंचवट्याची सावली उमटते. नाना तो फोटो एकदा सुलटा आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करतात, मग दोन्ही एकावर एक तंतोतंत बसवतात. सावल्या परस्पर मिटतात. ब्लॅक अँड व्हाइट फोटोही ते रंगीतच स्कॅन करतात. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये ढळढळीत दिसतो, लाल चॅनेलमध्ये जवळजवळ गायब होतो.

गायब होतात ती फक्त नाती. नानांना माणसं चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, बिघाडाने येतात.

"ही लालभडक झालेली बाई कोण हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"अहो, आई माझी ती!"

"असेल. पण सायन पार उडालाय त्यांचा."

भाचीने वडिलांच्या पंचाहत्तरीच्या बॅनरसाठी मुंजीचा फोटो दिला होता. नानांनी त्यातली बुरशी एकेक ठिपका करून काढायला घेतली. बटूच्या कानापर्यंत पोचले, तोवर बॅनरवाल्याची तारीख आली. पोरीने अल्बममधल्या दुसऱ्याच फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. बटूच्या चकोटावर ट्यूबलाइट लखलखत होती. फॅमिली ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला.

नानांनी तो मोठा करून पाहिला आणि तडक फोन लावला. "मूळ प्रिंट पाठव. आणि ओढून काढू नकोस हं, चिकट पानांचा अल्बम आहे तो. दात साफ करायचा दोरा घे, मागून हळूहळू सरकवत ने."

"मामा, पंचाहत्तरी काल झाली."

"झाली ना? मग आता घाई कसली!"