प्रेशरकाका

निवृत्तीचे पैसे हातात आले की कुणी चारधामला जातं, कुणी मुलाच्या फ्लॅटच्या हप्त्यात विरघळतं. प्रेशरकाका प्रेशर वॉशर घेतात. हाफ पँट, गमबूट, गळ्यात चष्म्याची दोरी असा हा गृहस्थ पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी भेटतो. गाडी पंधरा मिनिटांत धुऊन होते. पुढे फवारा कशावर मारायचा, हा खरा प्रश्न.

पहिला बळी सासुरवाडीचा. कोकणात जांभ्याच्या पायरीवर काकांनी टर्बो नोझल चालवलं. जांभा मऊ दगड, त्यात वर्तुळं कोरली गेली. मेहुणा ती आता पाहुण्यांना कातळशिल्प म्हणून दाखवतो.

मग नजर गेली सोसायटीच्या पेव्हर ब्लॉककडे. पावसाळ्यानंतर त्यांवर शेवाळाचा काळा थर. काकांनी साध्या लान्सने तासभर फवारा मारला आणि जमिनीवर एक पट्टा पांढरा, एक काळा असं काम तयार झालं. गॅलरीतून काकू म्हणाल्या, "अहो, कुणाला रस्ता ओलांडायचाय का?"

त्या वाक्यातून सरफेस क्लीनरचा शोध सुरू झाला. वस्तू साधी: गोल झाकणाखाली फिरती दांडी, तिच्या दोन टोकांना दोन नोझल. पाण्याच्याच धक्क्याने दांडी गरगरते आणि नोझल जमिनीपासून सारख्याच उंचीवर राहतात, म्हणून पट्टे उमटत नाहीत. पण काकांना साधी वस्तू साधेपणाने घेता येत नाही. जावई पसंत करताना लागला नसेल एवढा वेळ त्यांनी घेतला. चाकांचा घ्यावा की कडेला ब्रश असलेला, झाकण प्लास्टिकचं की स्टीलचं, यावर लिफ्टमध्ये सापडलेल्या प्रत्येकाचं मत घेतलं. आणि ते दुरुस्त केलं.

बोहरी आळीतल्या दुकानदाराने मात्र आडवा प्रश्न टाकला. "मशीनचा फ्लो किती?"

"एकशे पस्तीस बार," काका छाती काढून.

"ते प्रेशर झालं, साहेब. मिनिटाला लिटर किती?"

लिटर निघाले साडेसहा. दुकानदार म्हणाला, तुम्हाला दहा इंची बास, फार तर बारा, तोही बारीक नोझलचा. मोठ्या तबकडीची भोकं मोठी. तेवढं पाणी घरगुती पंप देत नाही, मग प्रेशर बसतं.

माझ्या मते या विषयातलं सगळं शहाणपण या तीन वाक्यांत संपतं. पण बार हा आकडा मोठा दिसतो आणि लिटर हा लहान, आणि काकांनी जन्मभर मोठ्या आकड्याचीच बाजू घेतली आहे. त्यांनी पंधरा इंची उचलला. बारीक नोझल बदलून देतो म्हटल्यावर, "लहान? छे!"

घरी आल्यावर कळलं, तो मशीनच्या गनला बसत नाही. मशीनचं लॉक कंपनीचं स्वतःचं, क्लीनरला पाव इंची क्विक कनेक्ट. काकांनी श्रीखंडाचा रिकामा डबा उघडला. त्यात आजवरचे अडॅप्टर असतात: एम-२२, पितळी, प्लास्टिकचे, आणि एक कशाचा ते त्यांनाही सांगता येत नाही असा. तीन जोडल्यावर जमलं. प्रत्येक जोडातून थोडं थोडं पाणी गळत होतं, ते वेगळं.

प्रात्यक्षिकाला सोसायटी लोटली. मशीन घरघरलं. तबकडीखालची दांडी कमी व्होल्टेजला पंखा फिरावा तशी फिरू लागली. शेवाळ जागचं हललं नाही. वॉचमनने न विचारता खराटा आणला आणि उरलेला भाग खरवडून काढला. न उरलेलाही.

"तबकडी उत्तम आहे," काका म्हणाले. "पंप लहान पडतोय."

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत आता टँकरच्या बिलांखालोखाल 'पार्किंगमध्ये थ्री फेज जोडणी घेणे' हा विषय आहे. सूचक म्हणून काकांची सही झाली आहे. अनुमोदक म्हणून काकूंची मिळवायचे प्रयत्न चालू आहेत.