गादीरक्षक

गादी झोपण्यासाठी असते, हे गादीरक्षकाला मान्य नाही. त्याच्या लेखी गादी टिकवण्यासाठी असते आणि झोप हे तिच्यावर रोज रात्री ओढवणारं संकट. हा गृहस्थ ठाण्या-डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत सापडतो. काकूंमध्येही हा वाण आहे, पण काकांमध्ये तो अधिक फोफावलेला दिसतो. पाहुणा नुसता पलंगाकडे वळला तरी काका पुढे सरसावतात. "अहो, खुर्ची आहे की! आणि बसायचंच तर जरा आत सरकून बसा, कड बसते." पलंगावर वरून पलंगपोस, त्याखाली चादर, चादरीखाली जुनी चादर, तिच्याखाली सतरंजी आणि सर्वांत तळाशी गादी दुकानातून आली तेव्हाचं जाड प्लॅस्टिक. कंपनीचं नाव दिसावं म्हणून एका कोपऱ्यात ते तेवढं चार बोटं फाडलेलं. रात्री कूस बदलली की चरचर आवाज होतो आणि पलीकडच्या खोलीत सुनेला कळतं की मामंजी अजून जागे आहेत.

अशा माणसाला लोक कंजूष म्हणतात, तो अन्याय आहे. चार महिन्यांचं पेन्शन मोडून घेतलेली वस्तू जपावीशी वाटणं यात गैर काय? काकांची खोट काटकसरीत नाही, शत्रू ओळखण्यात आहे. त्यांचा सगळा बंदोबस्त दिसणाऱ्या शत्रूंविरुद्ध असतो: चहाचा कप, नातवंडांच्या उड्या, साताऱ्याहून येणारे वजनदार मेहुणे. गादी मात्र बहुतेक वेळा मरते ती ओलीनं आणि वर्षानुवर्षं एकाच जागी पडणाऱ्या भारानं. माणूस झोपेत घामावाटे रात्रभर पाणी बाहेर टाकत असतो. प्लॅस्टिक तो घाम गादीत शिरू देत नाही हे खरं, पण वर चादरीत आणि सतरंजीत कोंडून ठेवतं. शिवाय फाडलेल्या कोपऱ्यातून आत गेलेली दमट हवा बाहेर यायलाही पुरेशी वाट उरत नाही. रेनकोट घालून धावणाऱ्या माणसासारखं हे प्रकरण आतूनच भिजतं. मुंबईत जुलै महिन्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. घरातल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून जगतात आणि आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कणांवर पोसतात. म्हणजे पाहुण्याला खुर्चीवर बसवून काकांनी गादीवर लाखोंची पंगत मांडलेली असते.

यावर काकांचं उत्तर तयार असतं, आणि ते पोकळ नाही. "बाळानं शू केली तर? प्लॅस्टिक काढून मग गादी धुऊ का?" मुद्दा बरोबर आहे. मूत्र, दूध, आमटी आत मुरली की ती गादीतून पूर्ण काढणं जवळपास अशक्य. पण त्यावर उपाय म्हणजे वर सुती कापड आणि खाली पाणी अडवणारा पातळ थर असलेली, काढून धुता येणारी खोळ. ती दुकानात मिळते, वाफ बरीचशी जाऊ देते आणि चरचरत नाही. बाळाच्या जागेपुरतं मेणकापड घातलं तरी चालतं. सहा फुटांच्या काकांनी मात्र बाळाच्या भीतीनं डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकवर का घामाघूम व्हावं, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. "आमच्या आईच्या लग्नातली गादी चाळीस वर्षं टिकली. का? तर जपली म्हणून!" टिकली असेलही. पण ती न हाताळता टिकली नव्हती. कापसाची गादी दाबून दाबून दगड झाली की पिंजारी यायचा, गादी उसवायची, गाठी झालेला कापूस धनुकलीवर पिंजून मोकळा व्हायचा, थोडा नवा कापूस पडायचा, नवं कापड शिवून टाके बसायचे. शिवाय दिवाळीआधी गच्चीवर उन्हात टाकून काठीनं बडवणं ठरलेलं. ती गादी टिकली ती दर काही वर्षांनी मोडून पुन्हा उभी केली म्हणून. काथ्याची, फोमची किंवा स्प्रिंगची गादी पिंजता येत नाही. काका तिच्यावर आईचं प्रेम करतात, आईची मेहनत मात्र करत नाहीत. केलीच तर चुकीची करतात. फोम कडक उन्हात ठेवला की पिवळा पडतो, पुढे भुगा होऊ लागतो. त्याला वारा हवा, सावली हवी. स्प्रिंगची गादी जिन्यातून नेताना दुमडली तर आतली चौकट वाकते.

खरी निगा अगदीच बिनपराक्रमाची आहे, म्हणून ती काकांना रुचत नसावी. सकाळी उठल्यावर लगेच पलंगपोस न घालता तासभर गादी उघडी ठेवायची. दर दोन-तीन महिन्यांनी उशाकडची बाजू पायथ्याशी न्यायची, म्हणजे भार एकाच खळग्यात पडत नाही. उलथायची मात्र दोन्ही बाजूंनी झोपता येत असेल तरच. खाली हवा खेळू द्यायची. इथे काकांचा बॉक्सबेड आडवा येतो. प्लायवूडच्या त्या पेटीत एकही भोक नाही आणि आत जुन्या तीन गाद्या कोंबलेल्या. गणपतीच्या सुमारास फळीवर काळे ठिपके दिसले की काका "प्लायच हलका निघाला" म्हणून सुताराला बोल लावतात. न्यायासाठी हेही सांगायला हवं, की कडेला बसू नका हा त्यांचा हेका शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. रोज त्याच कडेवर बसून चपला घातल्या तर ती कड खरंच बसते.

शेवटचा किल्ला म्हणजे हमीपत्र. ते लाइटबिलांच्या फायलीत, वेगळ्या पिशवीत असतं: दहा वर्षं. त्यातला बारीक मजकूर काकांना पाठ आहे. डाग पडलेली गादी सहसा हमीतून बाद होते, आणि खळगा ठरलेल्या खोलीपेक्षा जास्त असेल तरच कंपनी दखल घेते. म्हणून काका रविवारी गादीवर आडवी सुतळी ताणतात, मध्यभागी पट्टी उभी धरतात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात आणि वहीत टिपतात. खळगा पडला नाही याचा आनंद झाला, की हमी फुकट जाणार याचं दुःख, हे त्यांच्या चेहऱ्यावरून घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.