पंचेचाळीसवाला

टेक्ससमध्ये हा गृहस्थ दर दोन गल्ल्यांआड भेटतो. साठी उलटलेली, दाढी पांढरी, पोटाखाली रुंद चामडी पट्टा आणि पट्ट्याच्या बकलावर लांब शिंगांचा बैल. सगळी नोकरी विमा कंपनीत, वातानुकूलित खोलीत झाली. आयुष्यात त्याने आवरलेला घोडा एकच, रिव्हॉल्व्हरचा.

तो आवरण्याची हौस मात्र दांडगी. सगळा देश स्वसंरक्षणासाठी प्लास्टिकच्या सांगाड्याचं, एका दमात सतरा गोळ्या झाडणारं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतो. दुकानातला पोरगा यालाही तेच दाखवतो. हा ते दोन बोटांत धरतो, परत ठेवतो आणि म्हणतो, "पंचेचाळीस कोल्ट दाखव. सिंगल ॲक्शन." म्हणजे पंचेचाळीस कॅलिबरचं, १८७३ साली अमेरिकन लष्कराने घेतलेलं ते प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर. नुसता चाप ओढला तर काहीच होत नाही. प्रत्येक गोळीसाठी आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. घोडा ओढताना चार वेळा टिक् होतं आणि ते चार टिक् म्हणजे 'कोल्ट'ची इंग्रजीतली चार अक्षरं, अशी या पंथाची श्रद्धा आहे. संध्याकाळी व्हरांड्यात बसून, चक्रीतली गोळ्यांची घरं रिकामी असल्याची तीनदा खात्री करून, तो ही अक्षरं ऐकतो. (तज्ज्ञ सांगतात, असा रिकामा चाळा केला की यंत्र झिजतं. ते तो ऐकत नाही.)

त्याच्या शेजारी सांगलीकडचा एक इंजिनियर राहायला आला. गल्लीत चोरी झाली तेव्हा त्याने या अनुभवी माणसाला सल्ला विचारला.

"किती गोळ्या बसतात यात?"

"पाच."

"पण घरं तर सहा दिसतायत."

"सहावं रिकामं ठेवायचं. घोडा त्या रिकाम्या घरावर टेकवायचा. भरल्या घरावर टेकवला आणि चुकून हातातून पडलं, तर गोळी सुटते."

"म्हणजे सहाचे पैसे देऊन पाच?"

"जुने लोक त्या सहाव्या घरात नोटेची गुंडाळी ठेवत म्हणे. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची सोय."

इंजिनियर थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने, पाच संपल्यावर काय, असं विचारलं. पंचेचाळीसवाल्याने आनंदाने प्रात्यक्षिक दिलं. बाजूची झडप उघडायची, नळीखालचा दांडा दाबून एक रिकामं टरफल बाहेर ढकलायचं, चक्री एक घर फिरवायची, पुन्हा दांडा, पुन्हा टरफल. सगळी निघाली की त्याच झडपेतून एकेक काडतूस आत. "आणि तोपर्यंत चोर?" "पाचात काम झालं नाही, तर सहाव्याने काय होणार?" या वाक्यावर तो इतका खूश झाला की चोराचा प्रश्न तिथेच राहिला.

आधी लग्न उरकून मग पत्रिका जुळवायला बसावं, तशी त्याची सगळी युक्तिवादाची मांडणी आहे. रिव्हॉल्व्हरवर मन कधीच बसलेलं असतं. गुण नंतर मोजले जातात. पंचेचाळीसची शिशाची गोळी २५५ ग्रेनची, म्हणजे साडेसोळा ग्रॅम, नऊ मिलिमीटरच्या दुपटीहून जड. एक गुण. लष्कराने १८९२ मध्ये बारीक गोळीचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर घेतलं, फिलिपिन्समध्ये मोरो योद्ध्यांपुढे ते अपुरं पडलं, तेव्हा गोदामातली जुनी पंचेचाळीस बाहेर काढावी लागली. दुसरा गुण. त्यानंतर लष्कराने १९११ मध्ये पंचेचाळीसचंच, पण आपोआप भरणारं पिस्तूल घेतलं आणि सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला कायमचा रामराम केला, हे प्रकरण त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं नाही. तिसरा गुण, अमेरिकन सेनानी जनरल पॅटन. त्यांनी १९१६ साली एल पासोमध्ये हस्तिदंती मुठीचं कोल्ट घेतलं आणि दुसऱ्या महायुद्धातही तेच कमरेला. आता पॅटनसाहेबांच्या आगेमागे रणगाडे असत, ही गोष्ट वेगळी.

खरी कसोटी नळीच्या लांबीची. पावणेपाच, साडेपाच की साडेसात इंच? यावर त्याने मुलीच्या लग्नात घेतले नव्हते इतके सल्ले घेतले. साडेसात घोडदळाची, म्हणजे मानाची. पण गाडीत बसताना नळी सीटमध्ये रुतते. शेवटी पावणेपाच ठरली. रुगर कंपनीने १९७३ साली आपल्या रिव्हॉल्व्हरांत घोड्यापुढे एक पट्टी घालून सहाही घरं निर्धास्त भरण्याची सोय केली, हे त्याला ठाऊक आहे. "त्यात शिस्त राहत नाही," तो म्हणतो. अस्सल कोल्टची किंमत ऐकून मात्र शिस्त जरा सैल झाली आणि इटलीतल्या ब्रेशाकडची हुबेहूब नक्कल घरी आली. काउबॉयच्या ज्या सिनेमांवर तो पोसला तेही सर्जिओ लेओने या इटालियनाने बरेचसे स्पेनमध्ये काढलेले. टेक्ससच्या मर्दानगीचा मक्ता इटलीकडे कसा गेला, हे त्याला विचारू नये. मी विचारलं, कॉफी अर्धीच मिळाली.

त्याहून नाजूक विषय म्हणजे खरं जुनं टेक्सस. त्याच्या मनातल्या टेक्ससमध्ये प्रत्येक सज्जनाच्या कमरेला कोल्ट लटकतं. प्रत्यक्षात, हे कोल्ट जन्मण्याच्या दोन वर्षं आधी, १८७१ मध्येच टेक्ससने पिस्तूल बाळगून हिंडण्यावर बंदी घातली, थोडे अपवाद सोडून. ती सैल झाली १९९५ मध्ये, आणि कमरेला उघडं लटकवायला परवानाधारकांना मुभा मिळाली ती २०१६ साली. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावी १८८१ मध्ये ओके कोरालजवळ जी गाजलेली चकमक झाली, तिच्या मुळाशीही गावात हत्यार बाळगायचं नाही हा नगरपालिकेचा नियम होता. आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतात, तोच प्रकार. सांगलीकराने हे सगळं त्याला सविस्तर सांगितलं. "सरकार तेव्हाही असंच होतं," एवढंच तो म्हणाला.

एका रात्री मागच्या अंगणात खडखडाट झाला. रिव्हॉल्व्हर तिजोरीत, किल्ली चष्म्याच्या डबीत, आणि चष्मा सापडेना. सापडल्यावर त्याने पायजम्यावर होल्स्टरचा पट्टा चढवला, कारण नुसतं हातात धरलेलं बरं दिसत नाही. तोवर बायकोने उशाच्या खणातलं आपलं वीतभर रिव्हॉल्व्हर घेऊन मागचा दिवा लावला होता, कचऱ्याच्या डब्यातून निघालेलं आर्माडिलो पळून गेलं होतं आणि ती परत झोपलीही होती.

हल्ली त्याचा अंगठा दुखतो. महिन्यातून एकदा तो काउबॉयच्या वेशात, नेमबाजी मंडळाकडे रीतसर नोंदवलेलं टोपणनाव लावून, गोळ्यांनी लोखंडी पत्रे वाजवायला जातो. त्याचा हा प्रसाद. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंगठ्याने जोर लावायची कामं बंद करा. पुढच्या आठवड्यात घरी एक खोकं आलं. आत तसंच दुसरं रिव्हॉल्व्हर, फक्त घोड्याची शेपटी खाली वाकवलेली, अंगठ्याला सोपी.

"पुन्हा नवीन घेतलंस?" बायकोने विचारलं.

"नवीन कुठलं," तो म्हणाला, "एकोणिसाव्या शतकातलं आहे."